भिशी, उधारी आणि आहेर : घरच्या रीतींचा हिशेब कसा मांडावा?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : या ताई 33 वर्षांच्या असून एम.कॉम. झालेल्या आहेत. लग्नानंतर त्या पुण्याहून कोल्हापुरात आल्या. सासरचे एका जुन्या पेठेत किराणा दुकान आहे, आणि सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, दुकानाचे हिशेब त्या पाहतात. दुकानाची 1,64,000 रुपयांची उधारी 58 घरांकडे थकली आहे आणि सासरे कोणाकडेही तगादा लावू देत नाहीत. सासूबाई 20 जणींच्या भिशीत दरमहा 2,000 रुपये भरतात, त्यावर व्याज मिळत नाही. घरात आहेराची वही आहे आणि तिच्याप्रमाणे गेल्या वर्षी 41,000 रुपये आहेरात गेले. त्यात आता नणंदेचे लग्न ठरले आहे. धाकट्या जावेच्या माहेरी झाले तसेच मोठे कार्यालय हवे म्हणून सहा लाखांचे कर्ज काढायचे घाटते आहे. ताई लिहितात : ‘माणूस आपला फायदा पाहून निर्णय घेतो असे आम्ही कॉलेजात शिकलो. आमच्या घरात तसे कोणी वागत नाही. विचारले तर पहिल्यापासून असेच चालत आले आहे, एवढेच सांगतात. भिशी सोडून आरडी काढा, उधारी आणि आहेर बंद करा, असे मी म्हटले तर घरात अबोला सुरू झाला. मी चुकते आहे की घर?’

ताई, सगळ्या रकमा नेमक्या लिहून पाठवल्यात हे फार बरे केलेत; त्यामुळे मलाही नेमके बोलता येईल. मात्र रकमांकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका गृहीताशी आपण दोघी थोड्या थांबू या. माणूस आपला फायदा पाहून निर्णय घेतो, हे वाक्य मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहिले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. फायदा कशाला म्हणायचे, किती वाटा रास्त मानायचा, कोणाचे देणे आधी फेडायचे, हे कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. ते आजूबाजूच्यांकडून उचललेले असते.

1982 मध्ये जर्मनीतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी एक साधा प्रयोग केला. दोन अनोळखी माणसांपैकी एकाला काही रक्कम द्यायची आणि तिची वाटणी सुचवायला सांगायचे. दुसऱ्याने ती मान्य केली तर दोघांना आपापला वाटा मिळतो. नाकारली तर दोघांच्याही हाती काही लागत नाही. निव्वळ फायदा पाहणाऱ्याने शंभरातले दहासुद्धा मुकाट घ्यायला हवेत, कारण शून्यापेक्षा दहा केव्हाही जास्त. पुढे अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांबरोबर हा खेळ झाला, तेव्हा देणारे साधारण निम्म्याच्या जवळपास देऊ करत आणि वाटा फारच कमी असला तर घेणारे तो नाकारून स्वतःचेही नुकसान करून घेत. हाच मनुष्यस्वभाव, असे बहुतेकांना वाटले. मग नव्वदच्या दशकात जोसेफ हेन्रिक हे मानववंशशास्त्रज्ञ पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांकडे हा खेळ घेऊन गेले. तिथे देऊ केलेला सरासरी वाटा होता 26 टक्के, आणि एवढा कमी वाटाही समोरचे जवळजवळ नेहमी बिनतक्रार घेत होते.

त्यानंतर 12 देशांतल्या 15 छोट्या समाजांत हाच प्रयोग झाला आणि सरासरी वाटा 26 टक्क्यांपासून 58 टक्क्यांपर्यंत बदलत गेला. 58 टक्के देणारे लोक इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे होते. ते होड्यांतून देवमाशाची शिकार करतात. ती एकट्याच्याने होत नाही आणि मिळालेल्या माशाची वाटणी ठरलेल्या नियमांनी होते. केनियातल्या ओर्मा लोकांसमोर सामायिक वर्गणीचा एक खेळ ठेवला, तर त्यांनी लगेच त्याला ‘हारांबे’ म्हटले, म्हणजे गावकामासाठी सगळ्यांनी मिळून वर्गणी काढण्याची त्यांच्याकडची रीत. खेळाचे नियम बाहेरून आले होते, पण प्रत्येकाने तो आपल्या गावच्या वहिवाटीप्रमाणे खेळला.

याला अभ्यासक सांस्कृतिक उत्क्रांती म्हणतात. रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी 1985 मध्ये ती गणिताच्या आधाराने सविस्तर मांडली. प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहणे महाग पडते आणि कधी जिवावर बेतते. म्हणून माणूस घरच्या वडीलधाऱ्यांचे, ज्यांचे बरे चालले आहे त्यांचे, ज्यांना मान आहे त्यांचे आणि बहुतेक जण जे करतात त्यांचे पाहून शिकतो. एका पिढीने केलेली लहानशी सुधारणा पुढच्या पिढीला आयती मिळते, ज्या रीतीने माणसे तगतात ती पसरते, जिने बुडतात ती बहुधा मागे पडते. या सगळ्यात रीत पाळणाऱ्याला तिचे कारण ठाऊक असायलाच हवे असे नाही.

हंगामात एकदा करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन या, म्हणजे मी काय म्हणते ते डोळ्यांना दिसेल. काहिलीत उसाचा रस उकळू लागला की गुळव्या ठेचून भिजवलेल्या भेंडीच्या झाडांचा बुळबुळीत रस त्यात ओततो. मळी वर येते आणि ती काढून टाकतात. पाक झाला की नाही हे तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकून, बोटांत त्याची गोळी वळते का, यावरून ठरवतो. भेंडीच का, असे मी एका वृद्ध गुळव्यांना विचारले होते. ‘आमचा आजा घालायचा,’ ते म्हणाले. भेंडीचा तो चिकट अंश रसातला गाळ धरून वर आणतो, हे त्यांना सांगता आले नाही, पण त्यांच्या गुळात काही उणे नव्हते. तुमच्या सासूबाईंचे ‘पहिल्यापासून असेच’ हे उत्तर मला त्याच जातीचे वाटते. कारण सांगता न येणे म्हणजे कारण नसणे नव्हे. पण प्रत्येक जुन्या रीतीमागे आजही चांगले कारण असेलच असेही नाही, म्हणून एकेक रीत वेगळी तपासावी लागते. तुम्ही सगळ्या एकाच दावणीला बांधल्यात, तिथे मला तुमचे पटत नाही.

भिशीपासून सुरुवात करते. दरमहा 2,000 रुपये वीस महिने साडेसहा टक्क्यांच्या आरडीत टाकले असते तर सुमारे 2,275 रुपये व्याज आले असते. तुमची तक्रार याच पैशांची आहे. पण हा पूर्ण तोटा जिची चिठ्ठी सर्वांत शेवटी निघते तिचाच असतो. जिची पहिल्याच महिन्यात निघते तिच्या हातात 40,000 रुपये येतात आणि त्यातले पुढचे 38,000 ती बिनव्याजी हप्त्यांनी भरते. हेच पैसे तिने 24 टक्के दराने बाहेरून घेतले असते तर सुमारे 7,600 रुपये व्याज पडले असते. बाकीच्या अठरा जणी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. एकटीने साठवले तर 40,000 जमायला प्रत्येकीला वीस महिने लागतात, आणि भिशीत शेवटची सोडली तर प्रत्येकीला ते त्याआधी मिळतात. शिवाय खात्यात पडलेले पैसे घरातल्या कोणी मागितले तर बाईला नाही म्हणणे जड जाते, पण ‘भिशी भरायची आहे’ म्हटले की कोणी दुसरा शब्द काढत नाही.

हीच रीत मेक्सिकोत ‘तांदा’, इथिओपियात ‘इकुब’ आणि नायजेरियात ‘एसुसु’ या नावांनी चालते. जपानमध्ये ती ‘मुजिन’ नावाने शतकानुशतके चालली आणि पुढे तिच्यातूनच बँका उभ्या राहिल्या. इतक्या दूरदूरच्या लोकांना तीच युक्ती सापडावी आणि टिकावी, याचा अर्थ ती एका खऱ्या अडचणीवरचे उत्तर आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये तिला शेतकरी समाज आणि बँक यांच्यामधली पायरी म्हटले होते. बँका आल्या की ती मागे पडेल असा त्यांचा अंदाज होता. साठ वर्षे उलटली, बँक प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आली, आणि तुमच्या सासूबाईंच्या भिशीत अजून वीस जणी आहेत.

माझ्या आईची भिशी मंगळवार पेठेत असे. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून हलवायच्या आणि लहान मुलाच्या हाताने एक उचलायची. पुष्कळदा तो हात माझाच असे. एका महिन्यात डबा उघडलाच नाही. शेजारच्या काकूंच्या यजमानांचा फौंड्रीत हात भाजला होता. आईने गठ्ठा मोजला आणि काही न बोलता काकूंच्या पदरात ठेवला. ज्यांचा त्या महिन्यात नंबर लागू शकला असता त्यांच्यापैकी एकीनेही विचारले नाही. अडचणीच्या वेळी नंबर बदलून मिळतो, ही त्या भिशीची खरी किंमत होती, आणि ती एकमेकींना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या बायकांतच मिळते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तुमच्या सासूबाईंची भिशी राहू द्या. इतर वाचकांना मात्र सांगते, ज्या भिशीत निम्म्या माणसांचे चेहरे तुम्ही पाहिलेले नाहीत, किंवा चालवणारा जादा परताव्याचे आमिष दाखवतो, ती ही भिशी नव्हे. तिथे पाऊल टाकू नका.

आहेराची वही एकदा शांतपणे वाचून काढा. 501 आले असतील तर जाताना बहुधा 551 किंवा 701 गेलेले दिसतील, बरोबर 501 क्वचितच. फिटंफाट झाली की येणेजाणे संपले असा अर्थ होतो, म्हणून कोणाची तरी थोडी बाकी नेहमी ठेवली जाते. पापुआ न्यू गिनीतल्या औ आणि ग्नाउ लोकांत त्या वाटणीच्या खेळात काहींनी निम्म्याहून जास्त देऊ केलेला वाटाही नाकारला होता. मोठी भेट घेतली की देणाऱ्याच्या ऋणात राहावे लागते आणि ते तो कधी, कशाच्या रूपाने मागेल याचा नेम नाही, अशी तिथली समजूत आहे. आपल्याकडेही ऐपतीबाहेरचा आहेर आला की घरची बाई ते पाकीट हातात घेऊन घुटमळते, ते याचसाठी. तेव्हा 41,000 रुपये गेले असे लिहिण्याआधी त्या वहीत आलेले किती आहेत तेही मोजा. ज्यांच्याकडे दहा वर्षांत ना कोणी गेले ना आले, अशी नावे सासूबाईंच्याच हाताने कमी होऊ द्यात.

उधारीचे प्रकरण वेगळे आहे, आणि इथे तुमचे निम्मे बरोबर आहे. किराण्याची उधारी ही माणसांच्या मिळकतीच्या तारखांना जुळवून घडलेली रीत होती. कामगाराला पैसे पगाराला मिळतात, शेतकऱ्याला कारखान्याचे बिल आल्यावर. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण वावरातला ऊस वर्षातून एकदा जातो आणि मीठमिरची रोज लागते. दुकानदाराला त्या बदल्यात बांधलेले गिऱ्हाईक मिळे. पैसे बुडवणाऱ्याला त्याच पेठेत राहायचे असे, मुलामुलींच्या सोयरिकी तिथूनच जुळवायच्या असत. त्याची अब्रू हेच दुकानदाराचे तारण होते. आज तुमच्या 58 घरांपैकी काही घरांचे हे तारण अजून शाबूत असेल, पण खोली भाड्याने घेऊन वर्षभरात निघून जाणाऱ्यांचे नाही. परिस्थिती बदलली तरी रीत काही काळ मागे रेंगाळते. तुमचे सासरे हट्टी आहेत म्हणून असे होत नाही. ज्या काळात ते शिकले त्या काळात त्यांचे शिकणे अचूक होते.

म्हणून वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि एकेका नावाविषयी विचारा. हे घर किती वर्षांचे, यांनी कधी बुडवले का, कोणत्या महिन्यात फेडतात? ही माहिती तुमच्या संगणकात नाही, ती त्यांच्या डोक्यात आहे, आणि ती लिहून घेतली नाही तर दुकानाचे मोठे भांडवल त्यांच्याबरोबर जाईल. जुन्या घरांची उधारी चालू ठेवून तिला एका महिन्याच्या मालाची मर्यादा घाला. नव्या गिऱ्हाइकांना पहिल्या दिवसापासून रोख किंवा मोबाइलवरून, हा नियम ठेवा. पहिल्या दिवशी सांगितलेला नियम कोणाला लागत नाही. थकबाकीसाठी तगादा नको, पण पगारानंतरची किंवा ऊसबिलानंतरची तारीख ठरवून घ्या, आणि ती सासऱ्यांनीच फोन करून ठरवावी, तुम्ही नव्हे. रोखीने माणुसकी संपते अशी भीती त्यांना वाटत असेल तर त्यांना हेही सांगा की त्या 15 समाजांच्या अभ्यासात जिथे बाजाराशी संबंध जास्त होता, तिथल्या लोकांनी अनोळखी माणसालाही जास्त समान वाटा देऊ केला. अनोळखी गिऱ्हाइकाला पुरे माप देणे हीसुद्धा बाजारात घडलेली रीतच आहे, आणि ती तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर पाळली असणार.

आता लग्नाचे. ताई, तुमच्या पत्रात ज्या खर्चाला तुम्ही सर्वांत कमी ओळी दिल्यात, तोच मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. सहा लाखांचे कर्ज 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर दरमहा सुमारे 13,350 रुपये हप्ता आणि एकूण सुमारे दोन लाख रुपये व्याज पडेल. भिशीच्या 2,275 रुपयांवरून घरात अबोला आहे, आणि दोन लाखांवर अजून कोणी बोललेले नाही.

मान असलेल्यांचे पाहून शिकणे एरवी हिताचे असते, पण त्यांचे बरे कशामुळे चालले आहे हे आपल्याला नेमके दिसत नाही, म्हणून जे दिसते ते आपण उचलतो. गुळाचेच पाहा. फिकट पिवळा गूळ म्हणजे स्वच्छ केलेला गूळ, ही ओळख एके काळी ठीक होती. पुढे बाजार रंगालाच दर देऊ लागला, तेव्हा काही ठिकाणी रंग उजळण्यासाठी रसायने पडू लागली, आणि रसायनाशिवाय केलेला तांबूस गूळ सौद्यात मागे पडू लागला. स्वच्छता मागे राहिली आणि तिची खूण तेवढी विकली जाऊ लागली. मोठे कार्यालय हीदेखील अशीच खूण आहे. पूर्वी मोठे लग्न भरल्या घरात होई. आज घर भरलेले आहे असे दिसावे म्हणून लग्न मोठे होते, आणि ते पाहून पुढचे घर त्याहून मोठे करते. उत्क्रांती म्हणजे प्रगती, असे समजू नका. नक्कल करून पसरणाऱ्या सगळ्याच गोष्टी माणसाच्या भल्याच्या नसतात, हुंडा हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्यासमोर आहे.

इथे एकट्या घराने ‘आम्ही साधे करणार’ म्हणणे अवघड जाते, कारण लोक त्याला तत्त्व न म्हणता नड म्हणतात. ज्या रूढी अशा अडकलेल्या असतात त्या चारचौघांनी मिळून सोडल्या तरच सुटतात. चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची शतकांची रूढी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झपाट्याने मागे पडली. तिथे पालकांनी संघटना काढून शपथा घेतल्या होत्या : मुलीचे पाय बांधणार नाही आणि मुलाचे लग्न पाय बांधलेल्या मुलीशी लावणार नाही. दुसरी शपथ नसती तर पहिली कोणी पाळू शकले नसते. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, कमी खर्चाची आणि पुरोहिताशिवायची लग्ने लावली जाऊ लागली, आणि 1911 मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरातही समाज उभा राहिला. तसे लग्न करायला तशीच दुसरी घरेही लागत, आणि ती घरे समाजामुळे एकमेकांना सापडत.

तुम्हाला एवढे मोठे काही करायचे नाही. तुमच्या नात्यात येत्या दोन वर्षांत लग्ने असलेली दोन-तीन घरे असतीलच. त्या घरच्या बायकांशी आधी बोला आणि पाहुण्यांची एक संख्या मिळून ठरवा. नवऱ्यामुलाकडच्यांनाही कर्ज नको असण्याची शक्यता पुष्कळ असते, पण विषय कोणी काढायचा म्हणून दोन्हीकडचे गप्प बसतात; तुमच्या यजमानांना तो काढायला सांगा. आणि नणंदेला स्वतःला काय हवे आहे, हे कोणी विचारले आहे का? तुमच्या पत्रात ते कुठे दिसले नाही.

मी चुकते की घर, असे तुम्ही विचारलेत. आरडीला शहाणपण आणि भिशीला अडाणीपण मानणे, हेही तुम्ही पुण्याच्या कॉलेजातून उचललेले आहे, जसे सासूबाईंनी भिशीचे त्यांच्या सासूबाईंकडून उचलले. दोन्ही कुठेतरी शिकलेलेच आहे, त्यामुळे दोन्ही तपासायला हरकत नाही. इतर वाचकांनीही घरची एखादी रीत मोडण्याआधी पाहावे की ती कोणाची कोणती अडचण भागवते, ती अडचण अजून आहे का, तोटा घरातल्या नेमक्या कोणाच्या वाट्याला येतो, आणि आपण एकट्यानेच सोडली तर काय होईल.

अबोला सोडवण्याची सुरुवात मात्र तुम्हालाच करावी लागेल. सासूबाईंना सांगा की भिशीचे तुमचे गणित अर्धे होते, आणि पुढची भिशी सुरू होताना एकविसावे नाव तुमचे घालायला सांगा. जमल्यास एक लहानशी आरडीही काढा. दोन्ही एकत्र चालू शकतात. चिठ्ठ्या काढायच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन बसा आणि कोणाला कधी आणि का नंबर सोडला जातो ते पाहा. लग्नाच्या कर्जाचा विषय घरात सगळ्यांसमोर काढू नका; त्या दिवशी परत येताना, वाटेत, त्या दोन लाखांच्या व्याजाचा कागद सासूबाईंच्या हातात द्या.